नवी व्हर्ना: साधी १.५ की टर्बो? मुंबईत कोणती सोसेल?

मुलुंडकर_७ (धागाकर्ता)

मंडळी, सेडानच घ्यायची आहे, त्यामुळे "एसयूव्ही का नको" ही चर्चा इथे नको. मार्च २०२३ मध्ये आलेल्या नव्या पिढीची ह्युंदाई व्हर्ना जवळपास ठरली आहे. घोडं अडलंय ते इंजिनापाशी.

एक १.५ एमपीआय (साधं, बिनटर्बोचं): १४९७ सीसी, ११५ पीएस ताकद, १४४ एनएम टॉर्क (ओढायचा जोर), सहा गिअरचा मॅन्युअल किंवा आयव्हीटी ऑटोमॅटिक. दुसरी १.५ टर्बो: १४८२ सीसी, १६० पीएस, २५३ एनएम, मॅन्युअल किंवा सात गिअरचा डीसीटी ऑटोमॅटिक. डिझेल या पिढीत नाहीच, तो प्रश्न मिटला.

वापर: रोज मुलुंड ते लोअर परळ, महिन्याला हजारेक किमी. अधूनमधून पुणे, मे महिन्यात कोकण. गाडीत पाच जण, त्यातले दोघे सत्तरीच्या पुढचे. ऑटोमॅटिककडे कल आहे, पण मॅन्युअलला नाही म्हणत नाही. पार्किंग पोडियमवर (टॉवरखालचे पार्किंगचे मजले), तिसऱ्या लेव्हलला.

ब्रोशर पाठ झालंय. रोजच्या वापरात दोघींत फरक कुठे पडतो, काय बिघडतं आणि का, ते सांगा.

गिअरबदल

ब्रोशर पाठ आहे म्हणता, पण एक आकडा लिहिलाच नाहीत. एनएम किती याच्याइतकंच ते किती आरपीएमवर मिळतात हे महत्त्वाचं. एमपीआयचे १४४ एनएम ४,५०० ला. टर्बोचे २५३ एनएम १,५०० पासून ३,५०० पर्यंत सलग. शहरात गाडी बहुतेक वेळ १,२०० ते २,५०० मध्ये फिरते. तिथे एमपीआयचा पूर्ण जोर कधी हाताला लागतच नाही, टर्बोचा मात्र सगळा लागतो. १६० विरुद्ध ११५ पीएसवर लोक भांडतात, पण ते पीएस अनुक्रमे ५,५०० आणि ६,३०० आरपीएमला आहेत. ईस्टर्न एक्स्प्रेसवर संध्याकाळी सात वाजता त्यांचा उपयोग शून्य.

सिग्नलचा_राजा

टर्बोच घ्या. सायनच्या सिग्नलवरून सगळ्यांच्या आधी सुटाल आणि माटुंग्याच्या सिग्नलला सगळ्यांबरोबर उभे राहाल.

घाटवाट

राजे, विनोद ठीक आहे पण मुद्दा तोच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला कारची मर्यादा १००, खंडाळ्याच्या घाटात ६०. अटल सेतूवर १००. कोस्टल रोडला सरळ पट्ट्यात ८०, बोगद्यात ६०. सगळीकडे कॅमेरे आहेत. कंपनी टर्बो डीसीटीचा ० ते १०० चा आकडा ८.१ सेकंद सांगते, तो वापरायचा कुठे? पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन एमपीआय घाट आरामात चढते. तिसरा गिअर, ३,००० च्या वर आरपीएम, एसी चालू. फक्त इंजिनाचा आवाज येऊ द्यायची तयारी हवी. बरेच जण आवाजाला घाबरून चौथा टाकतात, मग गाडी दम खाते, आणि घरी येऊन लिहितात की इंजिनात जोर नाही.

गिअरबदल

> घाटात ६०

मर्यादा ६० आहे म्हणूनच जोर हवा. घाटात ट्रकमागे ३० वर अडकलात आणि शेजारची लेन मोकळी झाली, की ३० वरून ६० वर चढावर जायचं असतं. एमपीआयला तिथे दुसरा गिअर टाकून इंजिन ओढावं लागतं. टर्बो तिसऱ्यात नुसत्या पायावर जाते. वेग दोघींचा तोच, पण टर्बोत शेजारच्या लेनमध्ये कमी वेळ राहता. पाच माणसांना घेऊन जाणाऱ्याला हे सुरक्षेचं म्हणून मोजायला हवं.

घाटवाट

मान्य. पण हे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. रोजचं सायन-परळ आहे त्याचं काय?

क्लचप्लेट

रोजच्या सायन-परळवर लिहितो, कारण खरी तुलना तिथे आहे आणि ती इंजिनांची नाहीच. ऑटोमॅटिक घेणार असाल तर तुम्ही आयव्हीटी आणि डीसीटी यांत निवड करताय. इंजिन त्यासोबत येतं.

आयव्हीटी म्हणजे सीव्हीटी, ठरावीक गिअर नसलेली पेटी (गिअरबॉक्स). इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून जोर जातो. ब्रेक सोडला की गाडी सरकते, दाबला की थांबते, त्यात घासणारं फारसं काही नाही. तासभर मुंगीच्या पावलांनी चाललात तरी तिची तक्रार नसते. दोष एकच: पाय जोरात दाबला की आरपीएम आधी वर जातात आणि वेग मागून येतो. आवाज वाढतो, गाडी त्या मानाने पळत नाही.

डीसीटीत दोन क्लच आहेत, एकावर १-३-५-७, दुसऱ्यावर २-४-६ आणि रिव्हर्स. हे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. गाडी सरकवायची तर संगणक तुमच्या वतीने हाफ क्लच धरतो. मॅन्युअल गाडीत हाफ क्लचवर गाडी रेटली की काय होतं ते माहीत आहे. इथेही तेच होतं, पायाला कळत नाही इतकंच. हिंदमातापासून परळपर्यंत गाडी सतत ३ ते ७ किमीच्या वेगाने सरकवत नेली तर क्लच तापत जातो. आधी गिअर टाकताना झटके येतात, मग पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना. ती आली की गाडी कडेला घ्या, ब्रेक दाबून पी मध्ये टाका आणि इंजिन चालू ठेवूनच थांबा. लोक घाबरून इंजिन बंद करतात, ते करू नका.

तापू नये म्हणून:

पुढच्या गाडीच्या ढुंगणाला चिकटून सरकू नका. दोन गाड्यांइतकी जागा होऊ द्या, मग एकदम पुढे जाऊन पूर्ण थांबा. मधल्या जागेत रिक्षा घुसणार. घुसू द्या, क्लचपेक्षा स्वस्त आहे.

चढावर गाडी ॲक्सिलरेटरने रोखून धरू नका. ब्रेकवर उभे राहा, ऑटो होल्ड असेल तर ते चालू ठेवा.

रांग हळूहळू पण सलग चालत असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिला धरून ठेवा. नाहीतर पेटी वेग जरा वाढला की दुसरा टाकते, लगेच पहिल्यावर येते, आणि प्रत्येक वेळी क्लच घासतो.

रामा_शिवा_डीसीटी

शेवटची सूचना शंभर टक्के खरी. पहिला-दुसरा-पहिला हा खेळ बंद केला की निम्मे झटके जातात.

स्टेपनी

टर्बो मॅन्युअलचं कोणीच बोलत नाही? १,५०० पासून जोर असल्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये बरंच काम निघतं, सारखा पहिला टाकावा लागत नाही. तापणाऱ्या पेटीची भानगडही नाही. डाव्या पायाला व्यायाम, तेवढाच जिमचा खर्च वाचला.

मुलुंडकर_७

क्लचप्लेट, फार उपयोगी. म्हणजे मुलुंड-परळला आयव्हीटी असं समजू का?

क्लचप्लेट

अजून नाही. तुम्ही एक गोष्ट लिहिलीत, ती सगळ्यांच्या नजरेतून सुटली. तिसऱ्या लेव्हलचं पोडियम.

टॉवरचे रॅम्प अरुंद, वळणाचे आणि चांगलेच उभे असतात. रॅम्पवर समोरून गाडी आली की कुणीतरी मागे जायचं, आणि बऱ्याचदा खालून येणारा मधल्या वळणावर उभा असतो, म्हणून उतरणाऱ्याला उलटं वर जावं लागतं. चढावर रिव्हर्स हा कोरड्या क्लचच्या डीसीटीचा सर्वांत अवघड प्रसंग. वेग अगदी कमी, जोर पूर्ण, सगळी घासण एकाच क्लचवर. स्टॅक पार्किंगच्या पॅलेटवर (गाड्या एकावर एक ठेवायची लोखंडी फळी) चढवतानाही तेच: पॅलेटची कड चढायला जोर द्यावा लागतो आणि कड ओलांडताच पाय सोडावा लागतो. आयव्हीटीत हे लोण्यासारखं होतं.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. गाडी सोसायटीत मागवा. चार माणसं बसवा, एसी पूर्ण लावा, तिसऱ्या लेव्हलपर्यंत चढवा, मधल्या रॅम्पवर थांबा, परत सुटा, मग थोडं मागे चढवा. गाडी ब्रेक सोडल्यावर किती मागे सरकते आणि जोर किती झटक्याने येतो ते बघा. यात जे कळेल ते शंभर व्हिडिओंत कळणार नाही.

पोडियम_पीडित

रॅम्पवरच अजून एक. ही पिढी जुनीपेक्षा ९५ मिमी लांब, म्हणजे ४,५३५ मिमी, आणि दोन चाकांमधलं अंतर ७० मिमीने वाढून २,६७० झालंय. मागच्या पायांना जागा मिळाली ती यातून. पण पाच जण बसले की गाडी खाली दबते, आणि रॅम्प जिथे संपून सपाट होतो त्या कडेवर पोट घासण्याची शक्यता वाढते. कड तिरकी घ्या, एकेक चाक वर चढू द्या. रॅम्पच्या पायथ्याशी पुढच्या बंपरचा ओठ घासतो, तिथेही तिरकंच. इंजिन कुठलंही घ्या, यात दोघी सारख्याच.

उंची १,४७५ मिमी. सेडानच्या पॅलेटला साधारण १,५५० ची मर्यादा असते, त्यात आरामात बसते. एसयूव्हीवाल्यांना सोसायटी सेक्रेटरीच्या पाया पडावं लागतं ते याच ७५ मिमीसाठी.

जर्मन_काका

माझं मत: दोन्ही सोडा, फोक्सवॅगन व्हर्टस घ्या.

स्टेपनी

आले! मी पाहतच होतो, वीस प्रतिसाद व्हायच्या आत येतात की नाही.

जर्मन_काका

हसा. पण मुद्दा ऐका, धाग्याला धरूनच आहे. तिथे १.० टीएसआय, ११५ पीएस आणि १७८ एनएम, सोबत सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. म्हणजे टर्बोचा खालचा जोरही मिळतो आणि कोरडा क्लचही नाही. व्हर्नात ही जोडीच उपलब्ध नाही. एकतर साधं इंजिन आणि सुखाची पेटी, नाहीतर जोरकस इंजिन आणि जपायची पेटी. व्हर्टसचं १.५ जीटी घेतलंत, १५० पीएस आणि २५० एनएम, तर तिथला सात गिअरचा डीएसजीही (फोक्सवॅगनचा डीसीटी) कोरड्या क्लचचाच आहे, त्याला क्लचप्लेटरावांचं वरचं सगळं जसंच्या तसं लागू.

आणि ग्लोबल एनकॅपची टक्कर-चाचणी. दोघींना पाच तारे. पण मोठ्यांच्या सुरक्षेत व्हर्टसला ३४ पैकी २९.७१, व्हर्नाला २८.१८. लहान मुलांसाठी दोघींना ४९ पैकी ४२. मुख्य फरक गुणांत नाही. व्हर्नाच्या सांगाड्याला 'अस्थिर' असा शेरा आहे.

घाटवाट

हे काकांचं बरोबर आहे आणि कडू आहे. त्या शेऱ्याचा अर्थ असा की त्या वेगाच्या टकरीत जे गुण मिळाले ते मिळाले, त्याहून जास्त जोर आला तर सांगाडा धरून राहील याची हमी नाही. टर्बो घेऊन वेग वाढवणाऱ्याने हे आधी वाचावं. सहा एअरबॅग सगळ्या व्हर्नांत आहेत, पण मागच्यांनी पट्टा लावला तरच त्यांचा अर्थ.

संपादक

इतर गाड्यांची तुलना एवढी पुरे. धाग्याचं नाव व्हर्ना आहे. काकांनी हवा तर स्वतंत्र धागा काढावा, वाचक मिळतील याची खात्री आहे.

पैनपै

पैशांचं कोणी बोलेना, मी बोलतो.

लाँचच्या वेळी एक्स-शोरूम १०.९० ते १७.३८ लाख अशी रेंज होती. आजच्या किमती शोरूममधून घ्या आणि एकाच ट्रिमच्या (व्हेरियंटच्या) दोन इंजिनांमधला फरक काढा. वेगवेगळ्या ट्रिमची तुलना करून 'फक्त इतकेच जास्त' म्हणणं ही सेल्सवाल्याची युक्ती. त्या फरकावर महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के आरटीओ टॅक्स. म्हणजे फरक दीड लाखाचा असेल तर आणखी १८,००० तिथे. कंपनीच्या नावावर घेतली तर टॅक्सचा दर याहून बराच जास्त, सीएला आधी विचारा.

जीएसटीत फरक नाही. लांबी चार मीटरच्या वर, त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ पासून दोघी ४० टक्क्यांत. थर्ड पार्टी विम्यातही नाही, कारण दोघी १,००० ते १,५०० सीसीच्या गटात: वर्षाचे ३,४१६, नव्या गाडीला तीन वर्षांचे एकरकमी १०,६४०. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता गाडीच्या किमतीवर, तिथे टर्बोला थोडे जास्त.

पेट्रोल. कंपनीचे आकडे उलटेच आहेत: लिटरला एमपीआय मॅन्युअल १८.६ किमी, आयव्हीटी १९.६, टर्बो मॅन्युअल २०, डीसीटी २०.६. हे पाहून टर्बो जास्त ॲव्हरेज देते असं समजू नका. चाचणीत हलक्या पायाने चालवतात, तेव्हा टर्बो कमी आरपीएमवर भागवते. मुंबईच्या गर्दीत एसी लावून आयव्हीटीला ११ आणि डीसीटीला साडेनऊ धरा. महिन्याला १,००० किमीला ९१ लिटर विरुद्ध १०५ लिटर. १०४ रुपयांनी महिन्याला साधारण १,४५० जास्त. वर्षाला सतरा हजारांच्या घरात.

ई_वीस

पैनपै, दोघींच्या कागदी आकड्यांतून इथेनॉलचाही भाग वजा करा. ई२० मध्ये (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) लिटरमागे ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण सहा-सात टक्के कमी असते. गाडी खराब आहे असं नाही, टाकीत भरलेलंच पातळ आहे.

सीएनजी_भाऊ

एमपीआय घ्या आणि बाहेरून किट बसवा. अर्धा खर्च. टर्बोला बसतं का?

क्लचप्लेट

टर्बोला नको. त्यात डायरेक्ट इंजेक्शन आहे, इंजेक्टरचं तोंड थेट सिलिंडरच्या आत. पेट्रोल वाहतं तेव्हा तेच त्याला थंड ठेवतं. नुसत्या गॅसवर चालवलं तर इंजेक्टर भाजतो. म्हणून तशा इंजिनांच्या किटमध्ये सोबत थोडं पेट्रोल चालूच ठेवावं लागतं, मग बचत कुठली? एमपीआयमध्ये इंजेक्टर बाहेर इनटेकच्या नळीत, तिथे हा प्रश्न येत नाही. पण वॉरंटी जाते आणि ५२८ लिटरच्या डिकीत टाकी बसली की कोकणातून आंब्याच्या पेट्या मांडीवर.

याच कारणाने अजून एक फरक. एमपीआयमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हवरून धुऊन जातं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल पडतच नाही, तेलाच्या वाफांचा कार्बन तिथे साठत जातो. पेट्रोलमध्ये टाकायची औषधं तिथवर पोचतच नाहीत, त्यामुळे त्यांवर पैसे घालवू नका. उपाय दोनच: तेल वेळेत बदला, आणि आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर इंजिन नीट तापू द्या. रोज दोन किमी स्टेशनपर्यंत आणि परत, अशा वापराला टर्बो डीआय घेऊच नये.

तेलपाणी

तेलावरून. सर्व्हिस १०,००० किमी किंवा वर्षाला हे सगळ्यांना पाठ असतं. पण मालकाच्या पुस्तिकेत कठोर वापराचं वेगळं पान असतं, आणि त्या यादीत "३२ अंशांच्या वरच्या तापमानात दाट वाहतुकीत गाडी चालवणे" असं चक्क लिहिलेलं आहे. म्हणजे अख्खी मुंबई. टर्बोचं तेल त्या पानाप्रमाणे लवकर बदला. ग्रेड पुस्तिकेत आहे तोच. सर्व्हिस सेंटरला डब्यातून टाकताना समोर उभे राहा, बिलावर ग्रेड लिहून घ्या. एमपीआय या बाबतीत जास्त सोशिक.

टर्बो थंड करणं: पुण्याहून येऊन वाशीला लगेच इंजिन बंद करायचं नाही, ही जुनी भीती. शेवटचे दोन-तीन किमी हळू चालवलं की काम झालं. मुंबईत शिरल्यावर ते आपोआप होतं.

आणि टर्बोचा इंटरकूलर. टर्बोने दाबल्यामुळे तापलेली इंजिनाची हवा थंड करणारी ही जाळी, पावसाळ्यानंतर चिखल, पानं, प्लास्टिक अडकून बसतं. जोर कमी वाटला की इंजिन उघडण्याआधी समोरच्या जाळ्या साफ करून घ्या. हलका पाण्याचा फवारा, प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पापुद्रे वाकतात.

हिंदमाता_पोहणारा

पावसाळा निघालाच आहे तर. दोघी बुटक्या आहेत हे विसरू नका. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी ही शेवटची हद्द, त्यापुढे मागे फिरा. जायचंच तर पहिला गिअर, पाय एकसारखा, समोरच्या बसच्या लाटेपासून लांब. पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे बसत नाही. इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, आणि स्टार्ट करायचा प्रयत्न दिसला तर त्यातही वाद घालतात. डीसीटीवाल्यांनी पाण्यात रांगत उभं राहणं टाळा, तिथे पुन्हा हाफ क्लचचीच गोष्ट.

सत्तरीची_आई

दोन ज्येष्ठ आहेत असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय आणि इथे तेलावर चर्चा चालू आहे! मागचं छप्पर उतरतं आहे, दार उघडल्यावर डोकं वाकवून शिरावं लागतं, आणि सीट खाली. गुडघे दुखणाऱ्यांना बसण्यापेक्षा उठणं जड जातं. दोघांनाही शोरूमला न्या, तीन वेळा बसवा-उठवा. आधी पाठ सीटला, मग पाय आत, असं करायला सांगा. ज्यांना जास्त त्रास होतो त्यांना पुढे बसवा, पुढची सीट मागे सरकवता येते. आणि मागे तिघं असतील तर मधल्याला मधोमधचा उंचवटा पायात येतो, तो मान तरुणाचा.

टर्बो की साधी, यावर मागच्या सीटचं मत: ड्रायव्हर झटके देणार नसेल तर कुठलीही. डीसीटीच्या झटक्यांनी मागच्यांना मळमळतं.

गिअरबदल

आयव्हीटी सर्वांत गुळगुळीत, यात वाद नाही.

चाकभर

टायरचं राहिलं. साध्या गाडीच्या खालच्या ट्रिमना १८५/६५ आर१५, टर्बोला २०५/५५ आर१६. पंधरा इंची टायरची भिंत १२० मिमी, सोळाची ११३. घोडबंदरचे खड्डे आणि पेव्हर ब्लॉकवर तेवढ्या ७ मिमीचाही फरक पाठीला कळतो, आणि पंधरा इंची टायर स्वस्त. उलट ओल्या रस्त्यावर रुंद टायर पकड देतो, तो टर्बोला लागतोच: २५३ एनएम पुढच्या दोन चाकांवर आहेत, पावसात जोरात पाय दिला की चाक फिरतं आणि ट्रॅक्शन कंट्रोल जोर कापतो. ते बंद करायचा उद्योग करू नका.

हौशींसाठी: सोळा काढून सतरा बसवायचे तर २०५/५० आर१७ पर्यंत व्यास ०.८ टक्क्यानेच वाढतो. २१५/५० आर१७ घातले की २.४ टक्के, स्पीडोमीटर चुकीचं दाखवतं आणि पूर्ण वळवताना आतल्या लायनरला घासतं. वॉरंटीचं काय ते आधी विचारा.

मागे डिस्क ब्रेक आणि इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक हवे असतील तर वरच्या टर्बो डीसीटीपर्यंत जावं लागतं, बाकींना मागे ड्रम. शहरासाठी ड्रमला घाबरू नका. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून येण्यापेक्षा गिअर खाली टाकून इंजिनावर उतरा. आयव्हीटीतही मॅन्युअल मोड असतो, तो यासाठीच.

सिग्नलचा_राजा

लाल कॅलिपर मात्र टर्बोलाच. बाकी चर्चा व्यर्थ आहे.

पैनपै

लाल रंगाचा स्प्रे दोनशे रुपयांना मिळतो, राजे.

मुलुंडकर_७

सगळ्यांचे आभार. मॅन्युअल आता बाद, घरात दुसरं चालवणारं माणूस फक्त ऑटोमॅटिक चालवतं. शनिवारी आयव्हीटी आणि डीसीटी दोन्ही सोसायटीत मागवल्या आहेत, पोडियमवर चढवून बघणार. प्रभादेवीचा पूल पाडायला घेतल्यापासून परळची रांग आणखी लांबली आहे, त्यामुळे क्लचची गोष्ट डोक्यात पक्की बसली.

डीसीटीच आवडली तर विस्तारित वॉरंटीत क्लच बसतो का? आणि स्टेपनी छोटी देतात म्हणे, कोकणात चालेल?

क्लचप्लेट

क्लचपॅक झिजणारी वस्तू आहे. झीज वॉरंटीत धरत नाहीत, बिघाड धरतात, आणि दोन्हीतली रेषा सर्व्हिस सेंटरवाला ठरवतो. "क्लचपॅक आणि ॲक्च्युएटर (क्लच हलवणारा भाग) कशात मोडतात" हे बुकिंगच्या आधी मेलवर लेखी मागवा. तोंडी उत्तराला किंमत नाही. आयव्हीटीसाठीही मागवा, तिथे प्रश्न तेल कधी बदलायचं एवढाच असेल.

स्टेपनी

माझ्या नावाचा प्रश्न आला. स्टेपनी पंधरा इंची, १८५/६५. सोळाच्या तुलनेत व्यास साधारण दीड टक्का कमी. लावून ८० च्या वर जाऊ नका, आणि जमेल तितक्या लवकर मूळ टायर दुरुस्त करून घ्या. शक्यतो पुढे लावू नका: पुढचं पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे. पुढची दोन चाकं वेगळ्या व्यासाची असली की डिफरन्शियल सतत फिरत राहतं. कोकणात निघण्याआधी स्टेपनीची हवा बघा. ती वर्षभर कोणी बघत नाही, आणि महाडच्या पुढे रात्री बघायची वेळ येते.